व्हान गुलिक : एका पुस्तकाचे अनुवादक, सोळा पुस्तकांचे लेखक

‘रॉबर्ट व्हान गुलिक यांनी न्यायाधीश डीच्या प्राचीन चिनी रहस्यकथा इंग्रजीत अनुवादित केल्या’ हे वाक्य मी लेखांमध्ये, पुस्तकांच्या मलपृष्ठांवर आणि चांगल्या वाचकांच्या तोंडीही इतक्या वेळा पाहिले-ऐकले आहे, की आता दुरुस्ती करायचाही कंटाळा येतो. वाक्य पूर्णपणे खोटे असते तर काम सोपे होते. ते एका पुस्तकापुरते खरे आहे आणि उरलेल्या सोळा पुस्तकांच्या बाबतीत लेखकावर अन्याय करणारे आहे.

डीच्या कादंबऱ्या वाचलेल्यांना त्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही. सातव्या शतकातले तांग राजवटीतले चीन, जिल्ह्याचा दंडाधिकारी, त्याचे चार विश्वासू सहकारी आणि एकाच वेळी उलगडत जाणारी तीन प्रकरणे हा त्यांचा साचा सर्वांच्या ओळखीचा आहे. ‘द चायनीज मेझ मर्डर्स’पासून लेखकाच्या निधनानंतर १९६८ मध्ये आलेल्या ‘पोएट्स अँड मर्डर’पर्यंत चौदा कादंबऱ्या आणि लघुकादंबऱ्या व कथांची दोन पुस्तके, असा हा संसार आहे. तो सगळा व्हान गुलिक यांचा स्वतःचा आहे.

अनुवाद आहे तो ‘डी गूंग आन’ या एका पुस्तकाचा. अज्ञात लेखकाची ही चिनी कादंबरी व्हान गुलिक यांच्या मते अठराव्या शतकातली होती. तिच्या चौसष्ट प्रकरणांपैकी पहिली तीसच त्यांनी भाषांतरित केली, कारण पुढचा भाग दुसऱ्या कोणीतरी नंतर जोडला असावा असे त्यांना वाटत होते. हे भाषांतर १९४९ मध्ये टोकियोत त्यांनी खासगीरीत्या छापले. पुढे ते ‘सेलिब्रेटेड केसेस ऑफ जज डी’ या नावाने पुन्हा निघाले आणि गोंधळ पक्का झाला. नायक तोच, मुखपृष्ठावरचे नाव तेच, सहकारीही तेच, कारण हूंग, मा जूंग, चिआव ताय आणि ताव गान ही मंडळी व्हान गुलिक यांनी जुन्या कादंबरीतूनच आपल्या कादंबऱ्यांत आणली. मग कपाटात सतरा पुस्तके एका रांगेत लागली, तर दोष ग्रंथपालाचा तरी कसा मानावा?

शिवाय या गृहस्थांना भाषांतराचा नाद होताच. १९१० मध्ये नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या आणि बालपण जावा बेटावर घालवलेल्या व्हान गुलिक यांनी १९३२ मध्ये कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ डच भाषेत नेले होते. १९३५ पासून ते डच परराष्ट्र सेवेत होते आणि टोकियो, चुंगकिंग, नवी दिल्ली, बैरूत, क्वालालंपूर अशी ठाणी करत अखेर जपानमधले राजदूत असतानाच १९६७ मध्ये वारले. तेराव्या शतकातला चिनी न्यायदानाचा एक ग्रंथही त्यांनी १९५६ मध्ये इंग्रजीत आणला. अशा विद्वानाला अनुवादक ठरवण्याचा मोह होतो, पण मोह हा पुरावा नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे आणि तिच्यापाशी जाणकारही अडखळतात. व्हान गुलिक यांनी आपल्या कादंबऱ्यांची बीजे जुन्या चिनी वाङ्मयातून घेतली आणि ती कुठून घेतली हे पुस्तकांच्या शेवटी टिपण जोडून प्रामाणिकपणे सांगितले. हे टिपण वाचून माणसे म्हणतात, ‘मग हे भाषांतरच की!’ मराठी वाचकाने तरी असे म्हणू नये. भाषांतर, स्वैर अनुवाद, रूपांतर, ‘आधारित’ आणि ‘बेतलेले’ अशा पायऱ्या आपल्याकडे केव्हापासून केलेल्या आहेत. व्हान गुलिक यांच्या कादंबऱ्या यांतल्या शेवटच्या पायरीच्याही पलीकडे आहेत, कारण त्यांनी घेतलेल्या बहुतेक मूळ कथांत डी नावाचा माणूसच नाही.

‘द चायनीज बेल मर्डर्स’ हे १९५८ चे पुस्तक याचा उत्तम नमुना आहे. त्यातले अर्धचंद्र गल्लीतल्या तरुणीच्या खुनाचे प्रकरण सुंग काळातल्या (दहावे ते तेरावे शतक) बाव या न्यायाधीशाच्या नावावर चालत आलेल्या कथेवरून घेतले आहे, मठाचे प्रकरण मिंग काळातल्या (चौदावे ते सतरावे शतक) एका कथासंग्रहातून, तर तिसरे अठराव्या शतकात कँटनमध्ये गाजलेल्या हत्यांवरून. तीन काळांतले हे तीन धागे एका गावात आणि एका अधिकाऱ्याच्या टेबलावर एकत्र आणणे हे लेखकाचे काम आहे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यांनी काढून टाकलेले. बावच्या मूळ कथेत गुन्हेगार सापडतो तो भुताचे सोंग घेतलेल्या शिपायांनी रात्री त्याला घाबरवल्यामुळे. जुन्या चिनी रहस्यकथांतली ही हमखास युक्ती व्हान गुलिक यांनी बाजूला ठेवली आणि तिच्या जागी डीच्या तर्कावर चालणारी उकल रचली. आता हीच युक्ती ‘डी गूंग आन’मध्ये शोधावी. तिथे एका विधवेवर नवऱ्याच्या खुनाचा संशय असतो. तिच्या नवऱ्याचे प्रेत डी उकरून काढतो, तपासणीत अंगावर एकही खूण मिळत नाही आणि कायदा त्याच्यावरच उलटण्याची वेळ येते. छळ करूनही बाई बधत नाही. अखेर कबुली मिळते ती न्यायालयात यमलोकाच्या दरबाराचा देखावा उभा करून. भाषांतरकाराला तो दरबार जसाच्या तसा ठेवणे भाग होते, पण स्वतः लिहायला बसल्यावर त्याने तसल्या सोंगाला उकलीची जागा दिली नाही. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचली, की हा फरक कोणी सांगावा लागत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. अनुवादातला डी चांगपिंगला नेमलेला आहे, तर कादंबऱ्यांतला पेंग-लाय, हान-युआन, पू-यांग, लान-फांग आणि पै-चौ असा बदल्या घेत वर चढतो. ‘तांगकालीन’ म्हणून कौतुक होणारी चित्रे व्हान गुलिक यांनी स्वतः मिंगकालीन लाकडी ठशांच्या शैलीत काढलेली आहेत, आणि कपडे व चालीरीतीही बऱ्याच अंशी मिंगच आहेत. इतिहासातला दी रेन-जिए (६३० ते ७००) हा सम्राज्ञी वू हिचा मंत्री होता. त्याचे चरित्र म्हणून यांतले काहीच वाचू नये.

वाचनाचा क्रम विचारला, तर ‘डी गूंग आन’पासून सुरुवात करण्याचा विद्वत्तापूर्ण सल्ला मला मुळीच पटत नाही. आधी ‘बेल मर्डर्स’ वाचावी, मग हवी तर ‘द हॉन्टेड मॉनेस्टरी’, आणि दंडाधिकाऱ्याची कचेरी ओळखीची झाल्यावरच अनुवादाकडे वळावे, म्हणजे काय घेतले आणि काय टाकले ते जागोजागी दिसते.

आणि ज्यांना ‘चिनी पुस्तक, डच अनुवादक’ या समीकरणाचा मोह अजूनही सुटत नसेल, त्यांनी छपाईचा क्रम पाहावा. ‘मेझ मर्डर्स’ व्हान गुलिक यांनी इंग्रजीत लिहिली, पण ती प्रथम १९५१ मध्ये जपानी भाषेत छापली गेली, १९५३ मध्ये त्यांनीच केलेल्या चिनी रूपात आली आणि इंग्रजी वाचकाच्या हाती पडली ती १९५६ मध्ये. डीच्या कादंबऱ्या पुढे १९८० च्या दशकात चीनमध्येही चिनीत आल्या, आणि तिथे मात्र अनुवादक चिनी आहेत आणि लेखक म्हणून नाव आहे व्हान गुलिक यांचे.