पेशीपटल वहन

पेशीच्या आतबाहेर पाणी, क्षार, साखर आणि वायूंची पेशीपटलातून होणारी ये-जा. पटल जेमतेम 7 ते 8 नॅनोमीटर जाड; मेदाचा दुहेरी थर आणि त्यात रुतलेली प्रथिने. ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मेदातून सहज पार होतात (विसरण). साखरेला आणि आयनांना (विद्युतभार असलेल्या कणांना) प्रथिनाचे दार लागते. पाणी थोडे मेदातूनही झिरपते, पण त्याची हमरस्त्यासारखी वाट म्हणजे ॲक्वापोरिन प्रथिने. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री 2003 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

पटलातून पाणी विरळ द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते, हे परासरण. वर्गात त्यासाठी मनुका भिजवतात. कोल्हापुरात मनुका कशाला, गुळाचा रवा (ढेप) समोर असतो! काहिलीत रस आटून साखर इतकी दाट होते की रव्यावर पडलेल्या बुरशीच्या पेशीतलेच पाणी बाहेर ओढले जाते; प्रद्रव्य, म्हणजे पेशीतला जिवंत भाग, आकसते (रससंकोच) आणि तिची वाढ खुंटते. जून-जुलैत मात्र गूळ हवेतली ओल धरतो. रवा वरून चिकट होतो, मग पाझरतो. त्या पातळ थरात साखर विरळ झाली की यीस्टचे फावते आणि आंबूस वास सुटतो. अशा वेळी रवा फोडला तर गाभा बहुधा चांगलाच निघतो.

संहतीच्या उताराविरुद्ध, म्हणजे कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे, पदार्थ न्यायचा तर ऊर्जा मोजावी लागते, हे सक्रिय वहन. प्राण्यांच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) खर्चात 3 सोडियम आयन बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. येन्स स्को यांनी 1957 मध्ये उजेडात आणलेल्या या पंपाला नोबेल मिळायला 1997 उजाडले. मोठे कण पटलाची घडी पडून आत जातात (पेशीय भक्षण).

उसाचे पानही असाच खर्च करते. पेशी ऊर्जा वापरून हायड्रोजन आयन बाहेर ढकलते. ते परत आत येताना साखर सोबत आणतात. पानातली साखर अशी रसवाहिन्यांत भरली जाते, कांड्यात उतरते आणि तिथल्या पेशींच्या रिक्तिकांत (साठवणीच्या पिशव्यांत) साठते. ऊस तोडल्यावर ही घडी विस्कटू लागते. उसातलीच विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) साठलेल्या साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात, आणि त्यांचे खडे सहज धरत नाहीत. म्हणून शिळ्या उसाचा गूळ मऊ राहतो, रवा धरत नाही, आणि जाणता गुळव्या ऊस घाण्याला लावण्याआधी तो कधी तोडला हे विचारतो.