अंतराळात सूट फाटला की माणूस फुटतो का? नाही!

पिक्चरमध्ये हेल्मेट निघालं की माणूस फुग्यासारखा फुटतो नाहीतर क्षणात गोठून बर्फ होतो, आणि हे लोकांना अगदी खरं वाटतं. पण तसं होत नाही हो. अंग सुजतं, पण कातडी चिवट असते, फाटत नाही. गोठायचं म्हणाल तर उष्णता ओढून न्यायला तिथे हवाच नसते, थर्मासमध्ये चहा गरम राहतो ना, तसंच.

१९६६ मध्ये नासाच्या निर्वात चेंबरमध्ये सूटची चाचणी करणारे तंत्रज्ञ जिम लेब्लांक यांच्या सूटची हवेची नळी सुटली, साधारण १४ सेकंदांत शुद्ध गेली, त्याआधी जिभेवरची लाळ उकळतेय असं त्यांना जाणवलं, लगेच चेंबरमध्ये हवा भरली म्हणून ते वाचले. खरा धोका ऑक्सिजन संपण्याचा, आणि श्वास रोखून धरलात तर फुप्फुसं फाटतात.