फुगलेल्या शिरांवर लेसर कितपत चालतो?

पोटरीवर फुगलेल्या निळसर शिरेचं वेटोळं दिसतं, पण मूळ बिघाड बहुतेकदा त्याच्या बराच वर, मांडीत असतो. घोट्यापासून जांघेपर्यंत त्वचेखालून एक लांब नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर, जाते. तिच्यातल्या झडपा वर चढलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. त्या नीट मिटेनाशा झाल्या की उभं राहिल्यावर रक्त उलटं उतरतं आणि खालच्या फांद्या फुगतात. संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात. काहींच्या घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि तिथे भरता न भरणारी जखम होते. त्यामुळे लेसरचा रोख असतो तो या मुख्य नीलेवर.

पूर्वी ही नीला जांघेत कापून, तारेच्या साहाय्याने ओढून काढत. लेसरमध्ये ती जागेवरच बंद करतात. सोनोग्राफीत बघत गुडघ्याजवळ सुई टोचून एक बारीक फायबर नीलेत सरकवतात. ही नीला जांघेत खोल नीलेला मिळते, त्या संगमाच्या सुमारे २ सेंटिमीटर अलीकडे फायबरचं टोक थांबवतात. मग नीलेभोवती थंड सलाईन आणि भुलीच्या औषधाचं मिश्रण भरतात. लेसरइतकंच महत्त्व मी या पायरीला देईन. या पाण्याने वेदना थांबते, नीला दबून फायबरला चिकटते आणि आजूबाजूचे मज्जातंतू व कातडी उष्णतेपासून वाचतात. नंतर लेसर चालू करून फायबर हळूहळू मागे ओढत आणतात. भिंत आतून भाजते, आकसते आणि पुढच्या काही महिन्यांत नीलेचा नुसता तंतू उरतो. पूर्ण भूल लागत नाही. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

नीला बंद केली तर रक्त जाणार कुठून, ही भीती अनेकांना वाटते. पण पायातलं सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल नीलांमधूनच परतत असतं. वरची नीला गळकी झालेली असते, ती बंद झाल्याने त्या मार्गावरचा भार उलट कमी होतो. मात्र खोल नीला मोकळ्या आहेत ना, हे आधी तपासावंच लागतं. डॉप्लर सोनोग्राफी (रक्त कुठल्या दिशेने वाहतं हे दाखवणारी सोनोग्राफी) न करता लेसरची तारीख देणाऱ्याकडे जाऊ नये, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

आता परिणामांचं. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर चार उपचारांची तुलना झाली. निष्कर्ष २०११ मध्ये आले. वर्षभरानंतर नीला पुन्हा उघडून गळत असल्याचं प्रमाण लेसरनंतर ५.८ टक्के, रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींच्या उष्णतेने नीला बंद करणं) आणि जुन्या शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकी ४.८ टक्के, तर फोमच्या (नीला बंद करणाऱ्या फेसाळ औषधाच्या) इंजेक्शननंतर १६.३ टक्के होतं. म्हणजे लेसर शस्त्रक्रियेच्या तोडीचा आहे, तिच्याहून वरचढ नाही. त्या अभ्यासात पहिल्या दिवसांतली वेदनाही लेसरनंतर रेडिओफ्रिक्वेन्सीपेक्षा जास्त होती. ब्रिटनमधल्या ७९८ रुग्णांच्या चाचणीत लेसरची खरी जमेची बाजू दिसली: उपचारादरम्यानची गुंतागुंत लेसरमध्ये १ टक्का, शस्त्रक्रियेत ७ टक्के. पाच वर्षांनी रुग्णांना स्वतःला वाटणारा आराम लेसर व शस्त्रक्रियेनंतर फोमपेक्षा जास्त होता. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१३ पासून लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीला पहिली पसंती आहे, ती उगीच नाही.

तरीही 'कायमचा इलाज' या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. बंद केलेली नीला बहुतेकदा बंदच राहते, पण शिरा फुगण्याची प्रवृत्ती शरीरातून जात नाही. काही वर्षांत दुसऱ्या फांद्यांतून त्रास परतलेले रुग्ण बरेच असतात, शस्त्रक्रियेनंतरही असतात. पोटरीवरच्या फुगलेल्या फांद्यांसाठी कधी वेगळे छोटे छेद किंवा इंजेक्शनं घ्यावी लागतात. काळेनिळे डाग, मांडीत दोरीसारखी ओढ, थोडा बधिरपणा हे काही आठवड्यांचे सोबती. खोल नीलेत गुठळी होण्याचा धोका असतो, पण क्वचित.

जखम झालेल्यांनी मात्र थांबू नये. ब्रिटनमधल्याच ४५० रुग्णांच्या चाचणीत सगळ्यांना दाबपट्ट्या बांधल्या होत्या. ज्यांच्या गळक्या नीला लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा फोमने दोन आठवड्यांच्या आत बंद केल्या, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. उपचार पुढे ढकललेल्यांना त्यासाठी ८२ दिवस लागले. वर्षानुवर्षं नुसतं ड्रेसिंग करत बसलेल्या माणसाच्या पायाची एकदा तरी डॉप्लर झाली आहे का, हे त्याच्या घरच्यांनी आजच विचारावं.