सवय अंगाला नाही, जंतूंना

चाळीसगावच्या स्टँडवर शेजारचे बाबा सांगत होते, "मना आंगले आते ती गोयी लागू पडस नही. सवय पडी गयी." असं शिकलेली माणसंही म्हणतात. पण अँटिबायोटिकची सवय अंगाला लागत नाही. निर्ढावतात ते जंतू, आणि तेही बऱ्याचदा शेजाऱ्याच्या जिवावर.

केळीचं पील, म्हणजे बुंध्याशी फुटणारं नवं रोप, आईचीच नक्कल असतं. जिवाणू दुभंगतो तेव्हाही तसंच होतं. पण रावेरच्या केळीला बांधापलीकडच्या कपाशीला आपला गुण देता येत नाही, जिवाणूला येतो. मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याकडे डीएनएची छोटी, बहुधा गोल कडी असू शकते. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये तिला प्लाझ्मिड म्हटलं. औषधाला दाद न देण्याचा गुण बऱ्याचदा याच कडीवर असतो.

देवाणघेवाण बघण्यासारखी असते. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू एक बारीक तंतू बाहेर काढतो. तो शेजाऱ्याला टेकला की आखडतो आणि त्याला जवळ ओढतो. मग रिलॅक्सेज नावाचं विकर प्लाझ्मिडचा एकच पदर ठरलेल्या जागी कापतं, कापलेल्या टोकाला स्वतः चिकटतं आणि दोन पेशींमधल्या मार्गातून पदरासकट पलीकडे जातं. दुपदरी सुतळीतला एक पदर उसवून द्यावा, तसं. मग दोन्हीकडे उरलेल्या पदरावर नवा पदर विणला जातो. देणारा रिता होत नाही, आणि घेणारा काही वेळाने स्वतः वाटायला लागतो! ट्रान्सपोझॉन, म्हणजे उड्या मारणारी जनुकं, एकाच कडीवर अनेक औषधांचे तोडगे गोळा करतात. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचे जंतू एकदम चार औषधांना दाद देईनासे झाले. हा गुण 'शिगेला' हा हगवणीचा जंतू आणि ई. कोलाय एकमेकांना देतात, हे तिथेच १९५९ मध्ये दिसलं.

काही प्लाझ्मिड तर पेशीला ओलीस धरतात. ते एक टिकाऊ विष बनवतात आणि एक नाशवंत उताराही. कडी हरवली की उतारा विरतो, विष उरतं आणि पेशी मरते. म्हणून औषध थांबवलं तरी प्लाझ्मिड लगेच जात नाही. ('सुपरबग'वर, म्हणजे अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जंतूवर, काढा सुचवणारे मेसेज मलाही येतात. काढ्याने ही कडी तुटत नाही.)

बाबांना विचारलं, गोळी कशासाठी घेत होता?

"सर्दीसाठी."

सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर ती गोळी कधीच चालली नसती. आतड्यातले साधे जिवाणू मात्र दरवेळी मरत होते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कडीवाले वाढत होते.