दुहेरी पेनी: 1955 च्या एका ठशाची गोष्ट

जुन्या पेनी, म्हणजे अमेरिकेची एका सेंटची नाणी, चाळताना एखाद्या नाण्यावर दुहेरी अक्षरं दिसली की मनात आधी किमतीचा विचार येतो. माझ्या मते आधी विचारायचं ते हे: चूक नाणं पाडणाऱ्या ठशातली आहे की नाणं पाडतानाच्या ठोक्यातली? हा फरक समजून घ्यायला अमेरिकेच्या 1955 च्या लिंकन पेनीइतकं चांगलं नाणं मला माहीत नाही.

त्या काळी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत नाण्याचा ठसा एका दाबात होत नसे. उठावाचं चित्र असलेला मूळ ठसा मऊ पोलादावर दाबला जाई, म्हणजे त्यात उलटं, खोलगट चित्र उमटे. दाबाने पोलाद कडक होई. मग ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं आणि मूळ ठसा नेमका त्याच जागी परत दाबायचा. खरी मेख या ‘नेमका त्याच जागी’ मध्ये आहे. 1955 साली छाप्याच्या बाजूचा एक ठसा दुसऱ्या दाबाच्या वेळी किंचित फिरला. तो तसाच यंत्रावर चढला आणि त्याने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी छाप उतरली.

चूक लक्षात येईपर्यंत अशी सुमारे 40 हजार नाणी पडली होती आणि त्यातली निम्मी तरी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. ती काढायची तर अख्खा ढीग वितळवावा लागला असता. एका सेंटच्या नाण्यासाठी टांकसाळीने तो खटाटोप केला नाही. लोकांच्या हाती ती पडली, त्यात सिगारेटच्या पाकिटांचा वाटा मोठा. सिगारेट विकणाऱ्या यंत्रात 25 सेंट टाकायचे, पाकीट 23 सेंटचं, म्हणून उरलेले दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनात आधीच सरकवलेले असत. न्यूयॉर्क राज्य आणि मॅसॅच्युसेट्सकडच्या गिऱ्हाइकांना या सुट्ट्या पैशांतच दुहेरी पेनी सापडू लागल्या.

ही पेनी पाहायला भिंगाचीही गरज नाही. सालातले आकडे, ‘लिबर्टी’ आणि वरचं ‘इन गॉड वी ट्रस्ट’ सरळ दोनदा वाचता येतं. लिंकनचा चेहरा मात्र जवळजवळ जसाच्या तसा आहे. मला या नाण्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. ठसा मध्याभोवती फिरला होता. गाडीचं चाक फिरताना आस जागच्या जागी राहतो आणि धाव पुढे सरकते, तसंच कडेची अक्षरं सरकली आणि मधला चेहरा वाचला. काट्याच्या बाजूला गव्हाच्या लोंब्या एकेरीच आहेत, कारण तो ठसा वेगळा.

ठोक्याच्या वेळी सैल ठसा थरथरला तरी दुहेरीपणा येतो, पण त्यात अक्षराच्या कडेला चपटी पायरी दिसते आणि मूळ अक्षर त्या बाजूने बारीक होतं. ठशातल्या चुकीत दोन्ही प्रतिमा गोलसर, उठावदार असतात, अक्षर रुंदावतं आणि टोकांपाशी खाच दिसते. 1955 च्याच काही पेनींवर शेवटच्या पाचाला नुसती सावली दिसते. ती झिजलेल्या ठशाची करामत. तिकडचे संग्राहक तिला ‘गरिबाची दुहेरी’ म्हणतात आणि तिला फारशी किंमत येत नाही.

खऱ्या नाण्याच्या नकलाही भरपूर झाल्या. म्हणून जाणकार आधी नाणं उलटं करतात. काट्याच्या बाजूला ‘सेंट’ शब्दातल्या ‘टी’ च्या आडव्या दांडीखाली, उभ्या दांडीच्या डावीकडे, ठसा घासताना राहिलेल्या दोन अस्पष्ट उभ्या रेघा आहेत का, ते पाहतात.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात ठसे एकाच दाबात घडू लागले. तरी दुहेरीपणा पुरता गेला नाही, फक्त जागा बदलली. आता तो बहुधा नाण्याच्या मध्यभागी सापडतो. 2009 च्या एका पेनीवर ओंडक्यावर बसून पुस्तक वाचणारा तरुण लिंकन आहे, आणि काही नाण्यांवर पुस्तक धरलेल्या त्याच्या हाताला एक बोट जास्त आहे.