अल-मुखय्यम: दमास्कसच्या यार्मूकची गोष्ट

निर्वासितांची छावणी म्हटलं की डोळ्यांसमोर तंबूंच्या रांगा येतात. सीरियाची राजधानी दमास्कसच्या दक्षिणेला असलेलं यार्मूक मात्र चार-पाच मजली इमारतींचं, गजबजलेल्या बाजारपेठेचं शहरच होतं. तरीही तिथली माणसं त्याला शेवटपर्यंत 'अल-मुखय्यम', म्हणजे छावणीच म्हणत राहिली. आपण इथले कायमचे नाही, ही आठवण त्या शब्दात जपलेली होती.

इस्रायलच्या स्थापनेवेळी झालेल्या 1948 च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. त्यांतले पंच्याऐंशी-नव्वद हजार सीरियात आले; बहुतेक सफद, हैफा आणि गॅलिलीतल्या खेड्यांमधले. दमास्कसमध्ये मशिदी, शाळा, जिथे जागा मिळेल तिथे ते राहत होते. अशा विखुरलेल्या कुटुंबांसाठी 1957 मध्ये जेमतेम दोन चौरस किलोमीटर जागेवर यार्मूक वसलं. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या यूएनआरडब्ल्यूए या संस्थेने इथे शाळा आणि दवाखाने चालवले, पण तिच्या अधिकृत छावण्यांच्या यादीत यार्मूक कधीच नव्हतं. तंबूंच्या जागी विटा-सिमेंटची घरं आली. एका मुख्य रस्त्याला लोकांनी नाव दिलं लुब्या, तिबेरियासजवळच्या आपल्या उजाड झालेल्या गावाचं.

वस्ती एवढी भरभराटीला कशी आली, याचं उत्तर कायद्यात सापडतं. सीरियाच्या 1956 च्या 260 क्रमांकाच्या कायद्याने पॅलेस्टिनींना नोकरी, व्यापार आणि शिक्षणात सीरियन नागरिकांच्या बरोबरीने वागवलं. लष्करी सेवाही त्यांच्या वाट्याला आली. नागरिकत्व आणि मताधिकार तेवढा नाही. शेजारच्या लेबनॉनमध्ये कितीतरी व्यवसायांची दारं पॅलेस्टिनींना बंद होती. यार्मूकमधून मात्र डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, सरकारी कर्मचारी घडले. हा फरक फार मोठा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही.

2011 मध्ये सीरियात सरकारविरुद्ध उठाव सुरू झाला तेव्हा इथे सुमारे 1,60,000 पॅलेस्टिनी राहत होते. शिवाय सीरियन कुटुंबं, ती या आकड्यात नाहीत.

16 डिसेंबर 2012 ला यार्मूकवर हवाई हल्ला झाला आणि लोंढेच्या लोंढे बाहेर पडले. जुलै 2013 पासून सरकारी फौजांनी वेढा पक्का केला. आत उरले सुमारे 18,000 जण. अन्न नाही, औषध नाही. लोकांनी रानभाजी आणि गवत उकडून खाल्लं. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेने मार्च 2014 मध्ये 128 भूकबळींची नोंद दिली. राजधानीच्या मध्यापासून हे ठिकाण अवघ्या आठ किलोमीटरवर होतं, हे लिहितानाही गलबलून येतं. त्याच वर्षी जानेवारीअखेर धान्यवाटपाच्या वेळी काढलेला एक फोटो जगभर गेला: दोन्ही बाजूंना उद्ध्वस्त इमारती आणि मधला रस्ता माणसांनी ओसंडलेला. एप्रिल 2015 मध्ये 'इस्लामिक स्टेट'चे लढवय्ये आत शिरले. मे 2018 मध्ये सरकारने ताबा परत घेतला, तेव्हा यार्मूक जवळजवळ रिकामं होतं.

नंतर काही हजार लोक परतले. पडक्या घरांतला राडारोडा उपसून एखादी खोली राहण्याजोगी करायची, अशी त्यांची सुरुवात झाली. बाकीचे लेबनॉन, तुर्कस्तान, जर्मनी, स्वीडन असे पांगले. जॉर्डनने सीरियातून येणाऱ्या पॅलेस्टिनींना प्रवेशच नाकारला होता.

यूएनआरडब्ल्यूएच्या नोंदवहीत निर्वासिताचं मूळ ठिकाण 1948 पूर्वीचं असतं, आणि नोंद बापाकडून मुलांकडे जाते. त्यामुळे यार्मूकमध्ये जन्मलेल्या, तिथूनच परागंदा झालेल्या नातवाच्या नावापुढे आजही लुब्या किंवा सफद असंच लिहिलेलं आहे.