गुडघा झिजतो, हाड मात्र दाट होतं

"गुडघे दुखतायत ना, मग कॅल्शियम कमी झालं असणार." हे निदान आपल्याकडे शेजारी करतात, नातेवाईक करतात आणि मग गोळ्यांचं पाकीट घरी येतं. टाच यंत्रात ठेवून हाडांची घनता मोजणाऱ्या मोफत शिबिरांतही गुडघेदुखीवाले रांग लावतात. तिथल्या आकड्यावरून गुडघ्याबद्दल काहीही कळत नाही.

हाडं ठिसूळ होणं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, आणि सांध्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला सहसा हाड मोडेपर्यंत दुखत नाही. दुसरा जिना उतरताना रोज जाणवतो. आणि या दोघांचं नातं लोक समजतात त्याच्या बरंचसं उलटं आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांमध्ये खुब्याची झीज क्वचित दिसते आणि झीज झालेल्यांची हाडं वयाच्या मानाने दाट असतात, हे ब्रिटनमध्ये फॉस आणि बायर्स यांनी १९७२ सालीच मांडलं. पुढे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीतही घनता जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याची झीज सुरू होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. वजन जास्त असलं की हाडं दाट होतात आणि गुडघ्यावरचा भारही वाढतो, हे एक कारण. पण सगळं उत्तर त्यात नाही.

खरी गंमत आहे कूर्चेच्या, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाच्या, खाली. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, चेतातंतूही नसतात. ती स्वतः दुखूच शकत नाही. तिच्या खालचं हाड मात्र जिवंत, रक्ताने भरलेलं आणि सतत बदलणारं असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं रचतात आणि हाडात रुतून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी भार ओळखून दोघांना हुकूम देतात. भाराप्रमाणे हाड आपली रचना बदलतं, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ साली सांगितलं होतं.

सांध्यावर चुकीचा भार येऊ लागला की हे काम नको तितकं वेगाने चालतं. हाड विरघळताना त्यात साठवलेलं टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन मोकळं होतं आणि हाड बनवणाऱ्या मूळपेशींना बोलावतं. ते प्रमाणाबाहेर सुटलं की नको तिथे हाडाचे पुंजके तयार होतात. गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, कापलेल्या उंदरांमध्ये हाडातल्या या प्रथिनाला अडवलं, तेव्हा वरच्या कूर्चेची हानी कमी झाली. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यात खालच्या हाडाला हात लावून वरची कूर्चा वाचवली होती.

घाईत रचलेलं हे हाड जाड असतं, पण त्यात खनिज पुरेसं मुरलेलं नसतं. पाणी न मारलेल्या गिलाव्यासारखं. एक्स-रेवर पांढरं, भक्कम दिसतं, म्हणून ते चांगलं ठरत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या कमतरता असेल तर हाडासाठी घ्याव्यात. झिजलेली कूर्चा त्यांनी भरून येत नाही. सांधेदुखीवर घालतात त्या तांब्याच्या कड्याने तर काहीच होत नाही. यॉर्क विद्यापीठाच्या चाचणीत ते खोट्या कड्याइतकंच निरुपयोगी ठरलं.

हाडं दाट म्हणून झीजवाल्यांना फ्रॅक्चरची भीती नाही, असंही मानू नये. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत गुडघ्याची झीज असलेल्या वृद्धांची घनता जास्त होती, तरी त्यांची हाडं जास्त मोडली. दुखरा गुडघा वापरला जात नाही, मांडीचे स्नायू आटतात, तोल जातो. म्हणून मांडीचे व्यायाम टाळणं महागात पडतं.

शिवाय क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा आकडाही फसवू शकतो. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पण यंत्र वाटेत येणारं सगळं खनिज मोजतं: मणक्यांवर वाढलेलं हाड, महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, साचलेलं कॅल्शियमसुद्धा. त्यामुळे आतून पोकळ झालेला कणाही कागदावर धडधाकट दिसतो. उतारवयात कंबरेच्या मणक्यांचा आकडा चांगला आणि खुब्याचा वाईट आला, तर खुब्याचा धरावा. खुबेही झिजले असतील किंवा बदललेले असतील, तर हाताच्या पुढच्या भागातल्या हाडाची मोजणी करून द्या, असं डॉक्टरांना सांगावं.